चावीवाला नळाशी बसतो

निवृत्त होताना जगदीश कासाऱ्यांनी पाणी खात्याला सगळं परत केलं. चावी, टॉर्च, गमबूट, ओळखपत्र. खाकी शर्ट तेवढा ठेवून घेतला. कशाला, असं बायकोने विचारलं तेव्हा म्हणाले, "असू दे, लादी पुसायला होईल." लादी त्याने कधी पुसली गेली नाही. तीन वर्षांनी एका सोमवारी सकाळी त्यांनी तोच शर्ट इस्त्री करून अंगात घातला, परळच्या एका मोठ्या इस्पितळात गेले आणि जिथे केमो देतात त्या खोलीत सरळ शिरले. पहारेकऱ्याने हूं की चूं केलं नाही. या शहरात खाकी शर्टाला कोणी अडवत नाही, हे कासाऱ्यांना पस्तीस वर्षांच्या नोकरीत चांगलंच कळलं होतं.

त्या खोलीत त्यांचं काम काहीच नव्हतं. पण गुरुवारी तिथल्याच एका खुर्चीत त्यांना स्वतःला बसायचं होतं, आणि त्याआधी जागा नजरेखालून घालायची होती.

हे कासारे म्हणजे चावीवाले. लालबाग-परळच्या रस्त्यांखाली पाण्याच्या लाईनी गेल्यात. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी मिळणार ते ठरलेलं असतं. ती वेळ झाली की लोखंडी झाकण उघडून, पुरुषभर उंचीची चावी आत सोडून व्हॉल्व्ह फिरवणारा जो माणूस, तो चावीवाला. प्रत्येक व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे कासाऱ्यांना तोंडपाठ होतं. मुख्य म्हणजे त्यांना चौकशीची भारी खोड. चावीच्या टोकाला कान लावून ते खालचं पाणी ऐकायचे आणि कुठे गळतंय ते सांगायचे. वरळीच्या बीडीडी चाळीतली खोली सुटून नव्या इमारतीत अठराव्या मजल्यावर घर मिळालं, तेव्हा बाकीची मंडळी खिडकीतून समुद्र बघत होती. हे खाली पंपाच्या खोलीत जाऊन बसले होते.

त्यांचा एकच नियम होता. लाईन कुठे जाते ते माहीत नसेल, तर चावीला हात लावायचा नाही. हा नियम त्यांना कोणी शिकवला नव्हता. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मुकादम रजेवर असताना त्यांनी लाईन कुठे जाते ते न विचारताच घाईत एक जुना व्हॉल्व्ह भराभर उघडला. आतली हवा निघायच्या आधीच पाण्याचा लोट आला, जोड फुटला आणि तळमजल्यावरच्या एका बाईच्या खोलीत गुडघाभर पाणी शिरलं. तिचं शिलाई मशीन, लग्नाच्या ऑर्डरचे ब्लाऊज, सगळं भिजलं. ती ओरडली नाही, नुसती पाण्यात उभी राहून ब्लाऊज पिळत राहिली. कासाऱ्यांना तिचे हात अजून दिसतात.

या वर्षी त्यांच्या मानेत गाठ आली. तपासण्या झाल्या, नाव कळलं. डॉक्टर म्हणाले, औषधाला दाद देणारा प्रकार आहे, सहा वेळा केमो द्यावी लागेल. कासाऱ्यांनी विचारलं, "औषध जातं कुठे?" डॉक्टर म्हणाले, "रक्तात." बाहेर चाळीस माणसं ताटकळत होती, त्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं. मग पहिली तारीख आली तेव्हा कासारे इस्पितळाऐवजी दादरला जाऊन चैत्यभूमीमागे समुद्राकडे तोंड करून दुपारपर्यंत बसले आणि घरी येऊन म्हणाले, "नंबर लागला नाही." दुसऱ्या तारखेलाही तेच केलं. बायको, ललितावहिनी, गुडघ्याने बेजार, त्यामुळे बरोबर येत नव्हत्या. मुलगी संघमित्रा बँकेतून रजा काढते म्हणाली, तर तिलाही यांनी थोपवलं. भीती वाटत होती त्यांना. साधी भीती. मॅनहोलमध्ये उतरलेल्या माणसाने ती कबूल कशी करायची, हा वर आणखी एक पेच.

तर सोमवारी ते त्या खोलीत उभे होते. बारा खुर्च्या, बारा माणसं, डोक्यावर टांगलेल्या पिशव्या. एक आजोबा पेपर वाचत होते, एक बाई घोरत होती. कासाऱ्यांना वाटलं होतं, इथे कण्हणं-विव्हळणं ऐकू येईल. इथे तर कोणीतरी मोबाईलवर भाजीचा भाव विचारत होतं.

"आलात का मामा एकदाचे!" तिथल्या नर्स प्रिती सिस्टर मागून म्हणाल्या. "शुक्रवारपासून सांगतेय मी. तो बेसिनचा नळ बघा आधी, टपटप करून डोकं उठवलंय."

पाणी खात्यातल्या माणसाला प्लंबर समजणं हा कासाऱ्यांच्या लेखी मोठा अपमान. एरवी त्यांनी अर्धा तास सुनावलं असतं. पण बाहेर काढलं जाण्यापेक्षा प्लंबर झालेलं बरं, असा विचार करून ते गुपचूप बेसिनशी वाकले. वायसर गेला होता. दुसऱ्या दिवशी लालबागच्या दुकानातून वायसर घेऊन ते परत हजर. नळ दहा मिनिटांत गप्प झाला, तरी कासारे तासभर तिथेच पान्हा घेऊन रेंगाळत राहिले. डोळे मात्र पिशव्यांवर. नळीवरचं ते छोटं चाक सिस्टर अंगठ्याने सरकवत होत्या. एका मिनिटात थेंब किती पडतात ते हे घड्याळात बघून मोजत होते.

शेवटी राहवेना. "सिस्टर, सुईला लावायच्या आधी थोडं बाहेर का सोडलंत?"

"नळीत हवा असते ना. ती काढून टाकायची आधी."

कासाऱ्यांचा पान्हा हातातच राहिला. "हवा काढता तुम्ही? पहिली?"

"मग! आणि सुरुवातीला अगदी हळू सोडायचं. पंधरा-वीस मिनिटं पेशंटकडे बघायचं, काही होत नाही ना. मग वाढवायचं."

कासारे भलतेच खूश झाले. सुचेल ते भडाभडा बोलले. चावी, आटे, हवा, सगळं. गल्लीत शिरलं की प्रत्येक दारातली बाई कशी एकच विचारायची, "मामा, पाणी कधी येणार?" आणि आपण पस्तीस वर्षं एकच उत्तर कसं दिलं, "सोडलंय. येतंय. बसा." सिस्टर हसल्या. जवळच्या खुर्चीतले एक आजोबाही हसले.

"आणि हे जातं कुठे?" कासाऱ्यांनी शेवटचं विचारलं. "म्हणजे गाठ मानेत असली, तर मानेतच ना?"

"नाही हो. सगळीकडे जातं. म्हणून तर केस जातात, तोंड येतं. चांगल्या जागीही जातंच ते."

कासाऱ्यांचं तोंड उतरलं. सगळीकडे! एका गल्लीला द्यायचं तर दुसरीचा व्हॉल्व्ह बंद करतात. सगळीकडे एकदम सोडतो तो कसला चावीवाला? त्यांना गुडघाभर पाण्यात ब्लाऊज पिळणारी ती बाई दिसली. पान्हा पिशवीत टाकून ते निघाले, आणि परळ पुलापर्यंत येईतो त्यांचं ठरून गेलं होतं, गुरुवारी पुन्हा चैत्यभूमी.

घरी ललितावहिनी दारातच उभ्या होत्या. हातात फोन.

"नंबर लागत नाही म्हणे," त्या म्हणाल्या. "इस्पितळातनं आताच फोन आलेला मला. पेशंट दोनदा आला नाही, गुरुवारी तरी येणार का विचारत होते. आणि हा शर्ट कशापायी घातलाय?"

कासारे खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. समुद्र, नळ, वायसर, थेंब. घाबरलोय, हेसुद्धा. लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, हा शब्द त्यांनी बायकोपुढे पहिल्यांदाच काढला. "सगळीकडे जातं गं ते," ते म्हणाले. "लाईन माहीत नसताना मी चावीला हात लावत नाही, तुला माहीताय."

वहिनी गुडघा चोळत राहिल्या. त्यांना राग आला होता, रडूही येत होतं.

"चावी तुमच्या हातात हाय कुठं?" त्या म्हणाल्या. "चावी त्या सिस्टरकडं हाय. तुम्ही आता नळाशी हायत. चाळीत पहाटे चारला हंडा लावून मी बसायचे ना? मला कुठं माहीत होती लाईन? पाणी कुठनं येतं, वाटेत काय फुटतं, काय ठाऊक नव्हतं. एवढंच माहीत होतं, तिकडं कोणतरी शहाणा माणूस हाय, तो सोडणार. भीती मलाही वाटायचीच. आज नाही आलं तर पोरीला काय पाजू? तरी बसायचे." मग डोळे पुसून म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्यांना बसवलंत. एकदा स्वतः बसून बघा."

पस्तीस वर्षं पाणी सोडणाऱ्या माणसाने नळासमोर बसलेली आपलीच बायको कधी बघितली नव्हती. ती बसायची तेव्हा ते दुसऱ्या गल्लीत चावी फिरवत असायचे. त्या रात्री झोप आली नाही ती नाहीच, पण समुद्राचा विचारही आला नाही.

गुरुवारी खाकी शर्ट घरी राहिला. संघमित्राने रजा काढली होती आणि वहिनी गुडघ्याला पट्टा बांधून टॅक्सीत बसल्या होत्या. कासारे पांढऱ्या सदऱ्यात चार नंबरच्या खुर्चीत बसले. प्रिती सिस्टर पिशवी घेऊन आल्या आणि थबकल्या.

"मामा? इथे काय करताय? पुन्हा गळतोय का नळ?"

"नळ बरा आहे," कासारे म्हणाले. "आज माझाच नंबर आहे."

सिस्टरनी हातातला कागद बघितला, त्यावरचं नाव बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. सुई लावली. नळीतली हवा काढली आणि ती निघालेली त्यांना दिसेल अशी नळी मुद्दाम उजेडात धरली. मग अंगठ्याने चाक सरकवलं. एक थेंब पडला. दुसरा पडला.

वहिनींचा हात कासाऱ्यांनी इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतत होती. थेंब मोजायचे त्यांनी ठरवलं होतं, पण सातावरच चुकले. हातात काही गार लागेना, काही जाणवेना. चालू झालंय की नाही, हेही कळेना.

"सिस्टर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला, "कधी येणार?"

सिस्टर पुढच्या खुर्चीकडे निघाल्या होत्या. त्या वळल्या.

"सोडलंय, मामा," त्या म्हणाल्या. "येतंय. बसा."

आणि कासारे बसले.