घुंगरू थांबलं की चहा

‘भाऊ, मी चहा लई गऊ... पन तुमना नाना उठतस नही.’ सव्वा महिन्यापूर्वी भर दुपारी जळगावहून अक्कांचा फोन आला, तेव्हा मी धुळ्यात माझ्या दुकानात कुणाच्या तरी मिक्सरची मोटर उघडून बसलो होतो. तसाच उठलो, एसटी धरली. पारोळा यायच्या आतच दुसरा फोन आला. नाना गेले होते.

नाना माझे जुने दोस्त, अक्कांचे यजमान; जळगावच्या एका पाइप कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवधर्माला लागतात. यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं सीएनसी मशीन बांधायला घेतलं. भंगारातल्या पट्ट्या, जुन्या मोटारी, पुतण्याने टाकून दिलेला कॉम्प्युटर. या मोटारी एकेक पाऊल टाकत फिरतात, आणि त्यांना ते पाऊल टाकायला लावतं ड्रायव्हर नावाचं छोटंसं सर्किट. नानांचे ड्रायव्हर जुने आणि स्वस्तातले. पंधरा मिनिटांत असे तापायचे की मोटर पाऊल चुकायची आणि कोरलेलं अक्षर बाजूला सरकायचं. म्हणून नाना वेळीच मशीन थांबवायचे आणि पेपरची घडी करून ड्रायव्हरना वारा घालत बसायचे. चालू असताना आवाज पिठाच्या गिरणीसारखा. तो थांबला की स्वयंपाकघरात अक्का चहा ठेवायच्या. शेडमध्ये हाक मारायची वेळ कधी कुणावर आली नाही.

मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागलो होतो. नवे ड्रायव्हर बसवू, तासन्‌तास चालतील, आवाजही होणार नाही. त्यांचं ठरलेलं उत्तर, ‘भो, ते तापतं म्हनून तर आपल्याले चहा भेटतो.’ या दिवाळीनंतर मात्र तयार झाले. दोन दिवस आम्ही दोघं चष्मे नाकावर ओढून तारांचे रंग जुळवत होतो. करंट किती ठेवायचा यावरून भांडलो. शेवटी अक्कांच्या नावाची पाटी कोरायला लावली, तर सगळी अक्षरं उलटी! एका मोटरच्या तारांची जोडी मी उलट जोडली होती. नाना म्हणाले, ‘राहू दे, आरशासमोर टांगू.’ तारा बदलल्या आणि मशीन इतकं गुपचूप चालायला लागलं की अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. ‘बंद पडनं का?’

आता चहाची पंचाईत झाली. मशीन कधी चालू, कधी बंद, आत कळेना. नानांनी काय करावं? धरणगावची शेती सुटली तेव्हा बैलांच्या माळेतलं एक घुंगरू त्यांनी जपून ठेवलं होतं. ते मशीनच्या सरकत्या दांड्याला बांधलं. मशीन चालू, की घुंगरू वाजायचं. थांबलं, की चहा. मी खूप हसलो होतो.

नाना गेले त्या दुपारी त्यांनी माझ्याच धुळ्याच्या घराची पाटी कोरायला लावली होती. अडीच तासांचं काम. नव्या ड्रायव्हरना थांबायची गरजच नव्हती. घुंगरू वाजत राहिलं आणि अक्का निर्धास्त राहिल्या. ते थांबल्यावर त्या चहा घेऊन गेल्या, तर नाना खुर्चीत मान टाकून बसलेले. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास-दीड तास झाला असावा. लवकर आणलं असतं तर? ‘सांगता येत नाही,’ एवढंच म्हणाले.

मला मात्र ते सांगता येतं, किंवा तसं वाटत राहतं. जुने ड्रायव्हर असते तर पंधरा मिनिटांत मशीन थांबवावं लागलं असतं. नानांना ते जमलं नसतं, मोटर पाऊल चुकून आवाज बिघडला असता, अक्का उठल्या असत्या. तेराव्याला मी हे त्यांना सांगून टाकलं. मनात ठेवणं जमेना. त्या तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, ‘तुम्ही मशीन सुधारं, मी घुंगरू आयकत बसनू. कोन कोनले बोल लावी, भाऊ?’

ती पाटी मी घरी आणली आहे. एकही अक्षर सरकलेलं नाही. अजून लावलेली नाही.

परवा पुन्हा जळगावला गेलो. शेड बंद ठेवलं तर मशीन गंजेल, म्हणून अक्कांनी ते चालवून बघायला सांगितलं आणि त्या आत गेल्या. मी लाकूड न लावताच सुरू केलं. दांडा पुढे-मागे सरकू लागला, घुंगरू वाजू लागलं. नानांच्या खुर्चीत बसवेना, उभाच राहिलो. ड्रायव्हरना हात लावून पाहिला, थंडगार होते. तरी पंधरा मिनिटं झाल्यावर मी बटण दाबून मशीन थांबवलं.

क्षणभर काहीच नाही... मग आतून गॅसच्या लायटरचा आवाज आला.