उष्टावणाची वाटी

अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी रक्ताचा अहवाल बाजूला ठेवला आणि माझ्या मुलीला विचारले, "तुमचे पोटाचे कुठले ऑपरेशन झाले आहे का?"

वैशालीने माझ्याकडे पाहिले. शेजारी माझी थोरली बहीण नातीला मांडीवर घेऊन बसली होती. ताई दर्यापूरहून वैशालीच्या बाळंतपणासाठी आली होती. तिला यातले काही ठाऊक नव्हते.

"झाले आहे," वैशाली म्हणाली. "वजन कमी करण्याचे."

नातीला पाचवा महिना चालू होता. पूर्वी ती आवाजाकडे वळून हसत असे. ते थांबले. सावरलेली मान पुन्हा लुळी पडू लागली, रंग फिका झाला. निदान निघाले व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हच्या कमतरतेचे. हे जीवनसत्त्व रक्तासाठी आणि मेंदू व मज्जातंतूंच्या वाढीसाठी लागते. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाला ते आईच्या दुधातून मिळते. आईपाशीच नसेल, तर बाळाला कोठून मिळणार?

अशी शस्त्रक्रिया झालेली मुलगी ज्या घरी बाळंतपणाला येईल, त्या घरासाठी हे लिहीत आहे.

वैशालीचे गॅस्ट्रिक बायपास दोन वर्षांपूर्वी अमरावतीला झाले होते. त्यात जठराचा लहानसा भाग वेगळा करून पुढच्या आतड्याला जोडतात. अन्न थोडे मावते आणि त्यातील सत्त्वही कमी शोषले जाते. म्हणून जीवनसत्त्वांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. बी-ट्वेल्व्हसाठी तिला इंजेक्शने होती. शस्त्रक्रियेची गोष्ट कोणाला सांगायची नाही, अशी तिची अट होती. जावयांनी व मी ती पाळली.

ताईने सारे रीतीप्रमाणे केले. डाळ वातूळ म्हणून बंद. समोर तूपभात आणि डिंकाचे लाडू. वैशाली अर्धा लाडू खाई आणि घामाघूम होऊन आडवी पडे. गोड अन्न आतड्यात झपाट्याने उतरल्याने असे होते. त्याला डम्पिंग म्हणतात. ताईला ते नखरे वाटत.

"पाखरू बी याच्याहून जास्त टिपते," ती म्हणे. "लेकराची माय झाली तू आता. बारीक व्हाचं भूत उतरव डोक्यातून. अन् ह्या गोया कायच्या हायेत? दुधात उतरतेत त्या."

शेवटचे वाक्य वैशालीच्या मनात राहिले. बाळाच्या भीतीने तिने गोळ्या सोडल्या. इंजेक्शनला जायचे तर ताईला कारण सांगावे लागले असते. तेही राहिले.

"मंग आता वरचं दूध चालू करू काय?" ताईने डॉक्टरांना विचारले.

वैशालीने बाळ ताईच्या मांडीवरून उचलून घेतले. "माझे दूध तोडावे लागेल?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "आईची कमतरता भरून काढायची. इंजेक्शने बाळालाही देऊ, आईलाही. मात्र बाळ किती सावरेल, ते आज सांगता येणार नाही. वाट पाहावी लागेल."

आम्ही वाट पाहिली. अकोल्यात इंजेक्शनची रांग, अमरावतीला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडची रांग. तेथील आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले, की प्रत्येक जेवणात आधी प्रथिने, म्हणजे घट्ट वरण, अंडे, पनीर, दही. पाणी जेवणाबरोबर नको, मधल्या वेळी घोटघोट. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. विचारल्याशिवाय कोणतीही गोळी थांबवायची नाही.

परतताना गाडीने बडनेरा सोडले. मग ताई म्हणाली, "मले काहून नाही सांगतलं वो पोरी? मी काय गावात दवंडी देली असती?"

"दिली असती, आत्या."

ताईने पदर सावरला. "देलीच असती म्हना."

घरी आल्यावर तिने कपाटातून चांदीची वाटी काढली. नातीच्या उष्टावणासाठी, म्हणजे तिच्या पहिल्या घासासाठी, मी ती आणून ठेवली होती.

"एका टायमाले किती मावते तुह्या पोटात? एवढं?"

"एवढंच."

त्या दिवसापासून ती वाटी वैशालीसाठी दिवसातून अनेकदा भरली जाऊ लागली. शेजारीण लाडू घेऊन आली, तर ताई दारातच सांगे, "पोटाचं आपरेशन झालं हाय तिचं. तुमच्या लाडवाले जागा नाही." वैशालीने एकदाही हरकत घेतली नाही. मला वाटते, तिचाही जीव लपवून थकला होता.

बाळ आधी जोराने पिऊ लागले. मग रंग आला. हसू उशिरा आले, तोवर आम्ही त्याची वाट पाहणे सोडून दिले होते. तपासण्या अजून चालू आहेत. आमच्याशी खोटे न बोलणाऱ्या त्या डॉक्टरांचा मी ऋणी आहे.

उष्टावण लांबणीवर टाकून केले. खीर वाढण्याआधी ताईने घासलेली वाटी माझ्यापुढे धरली.

"भाऊ, ही तं मायनं उष्टी केलेली हाय. चालते काय?"

"चालते," मी म्हणालो.

नात आईच्या मांडीवर मान ताठ धरून बसली होती. तिने तोंड उघडले.