दुसऱ्याच्या पाटावर आलेला गणपती

ईशान आणि गार्गी,

तुमचा बाबा एक गोष्ट चार माणसांत सांगतो आणि दर वेळी तिच्यात भर घालतो. मागच्या रविवारी फोन चालू असताना त्याने तुमच्याकडच्या पाहुण्यांना सांगितलं, की आम्ही कॅनडाला निघालो त्या दिवशी पेणमध्ये आभाळ फाटलं होतं, रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं, आणि त्या पाण्यातून एक माणूस डोक्यावर गणपती घेऊन माझ्या आईकडे चालत आला. पाऊस नव्हता. ऊन होतं, आणि चांगलंच होतं. डोक्यावर गणपती घेऊन कोणीही आलं नाही. शिवाय तुमचा बाबा तेव्हा तिथे नव्हताच, तो विमानतळावर रांगेत उभा होता. मी होते. माझी आठवण अजून शाबूत आहे, पण ती तशीच राहील असं मला कोणी लिहून दिलेलं नाही, म्हणून झालं तसं आणि झालं त्या क्रमाने लिहून ठेवते. मराठीतच लिहिते. जन्मभर रोह्याच्या शाळेत मी इंग्रजी शिकवलं, पण ही हकीकत इंग्रजीत सांगून पाहिली आणि ती भलतीच कोणाची तरी वाटायला लागली. अडेल तिथे आईला विचारा. बाबाला विचारू नका.

तुम्ही तेव्हा लहान होता, म्हणून आधी हे सांगते की बाबा कॅनडाला का गेला. तो रोह्याजवळच्या धाटावच्या एका कंपनीत होता. काम चांगलं करायचा, शिफ्ट कधी चुकवली नाही, पण त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या वर जाऊन बसली आणि हा तिथेच राहिला. चाळिशी उलटली तेव्हा त्याच्या डोक्यात कॅनडा शिरला. तिथे जाऊन पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं, हे त्यालाही माहीत होतं. मुलांसाठी जातोय म्हणाला. मी म्हटलं, मुलांना कोणी विचारलं का? गार्गीला विचारलं तर ती म्हणाली तिला पनवेलला जायचं आहे, कारण तिथे सरकता जिना होता.

मलाही चल म्हणाले. मी नाही म्हटलं. कारण विचारलं तेव्हा मी घराचं, पेन्शनचं, गुडघ्यांचं सांगितलं, आणि ते खरंही होतं. पण मुख्य कारण गणपती होता. रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातलं हे घर तुमच्या आजोबांनी बांधलं आणि वास्तुशांत झाली त्याच वर्षी भाद्रपदात त्यांच्या वडिलांकडचा गणपती इथे आला. त्यानंतर एकही वर्ष चुकलं नाही. आजोबा गेले त्या वर्षीसुद्धा नाही, कारण ते माघात गेले. घराला कुलूप लावून माणूस जाऊ शकतो. गणपतीला कोणत्या कुलपात ठेवायचं?

जायचं ठरलं त्या उन्हाळ्यापासून घरात दुसरं काही बोलणंच नव्हतं. बाबाने हुकाचा वजनकाटा आणला होता आणि त्याला घरातली प्रत्येक वस्तू लटकावून बघायचा. तुमच्या आईने गोड्या मसाल्याचे पुडे बॅगेत घालायचे, त्याने ते काढायचे, तिने परत घालायचे, आणि दोघांनी निवाड्याला माझ्याकडे यायचं. शाळेत मी निवाडे करत असे, पण तिथे निदान घंटा व्हायची. त्यातच तिकिटं निघाली ती चतुर्थीच्या दोन दिवस आधीची. मी म्हटलं, पाच दिवसांनी गेलात तर कॅनडा काय वाहून जाणार आहे? तर तिथल्या शाळा उघडतात म्हणे. रोज संध्याकाळी दिवा लावताना मी देवाशी वाद घालत होते. मागणं काही नव्हतं, नुसती तक्रार होती. म्हणत होते, की माणसं नेतोस ते ने, पण जरा तारखा बघून ने.

आता पाटाची गोष्ट, कारण सगळं त्याच्यावरच अडलं. आमच्या घरची रीत अशी, की दुकानात जाऊन दिसेल तो गणपती आणायचा नाही. घरचा पाट आषाढात पेणला कारखान्यात नेऊन द्यायचा, त्या पाटावरच शाडूची मूर्ती घडते, आणि चतुर्थीला पाटासकट घरी येते. विसर्जनानंतर रिकाम्या पाटावर कुंडलिका नदीतली मूठभर वाळू घेऊन परतायचं. आमचा पाट फणसाचा होता, तुमच्या पणजोबांच्या वेळचा. पेणला तो नेऊन द्यायचं काम तुमच्या बाबाचं. त्या वर्षी आषाढात मी माळ्यावर पाहिलं तर पाट नव्हता. मी समजले, नेऊन दिला. एवढ्या धांदलीत आठवण ठेवली म्हणून मनातल्या मनात त्याचं कौतुकही केलं. मी माळ्यावर पाहताना त्यानेही मला पाहिलं होतं, आणि मी काही बोलले नाही हेही पाहिलं होतं. त्याचा त्याने काय अर्थ लावला ते पुढे कळलं. आमच्या घरात महत्त्वाच्या गोष्टी कोणी कोणाला विचारत नाही. एकमेकांच्या तोंडाकडे बघून ज्याने त्याने समजून घ्यायच्या, आणि मग वर्षानुवर्षं निस्तरत बसायचं.

निघायच्या दिवशी जीप ठरवली होती. मी विमानतळापर्यंत जाणार नव्हते. काचेपलीकडून हात हलवत बसण्यात मला रस नव्हता, आणि पेणला काम होतं. ठरलं असं, की मला कारखान्यावर उतरवून जीप पुढे जाईल, आणि तुम्हाला सोडून परतताना मला आणि गणपतीला घेऊन रोह्याला येईल. सगळं नीट आखलं होतं. माझी आखणी होती ती.

वडखळला गाड्यांची ही रांग. तुमचा बाबा दर मिनिटाला घड्याळ बघत होता आणि ड्रायव्हर दिलीप त्याला सांगत होता, "साहेब, इमान तुमच्याबिगर जात नाय, इवढा पैसा भरलाव." पेणला पोचलो तोवर सगळ्यांचेच जीव मेटाकुटीला आले होते. कारखान्यात जिकडेतिकडे गणपती, मांडवात, ओट्यावर, फळ्यांवर, आणि त्यातून वाट काढणारी गिऱ्हाइकं. कारखाना चालवायच्या त्या मंदाताई, आमची जुनी ओळख. मी म्हटलं, मंदाताई, आमचा काढून ठेवा, संध्याकाळी नेते. त्यांनी हातातला ब्रश खाली ठेवला.

"बाई, तुमचा पाट नाय आला यंदा. पोरं परदेशी चालली कळलं, मला वाटलं बंद केलाव."

मी वळून तुमच्या बाबाकडे पाहिलं. तो तुझ्या बुटांची नाडी बांधायला खाली वाकला होता, ईशान, आणि ती नाडी बांधलेलीच होती.

पाट जहाजात होता. दीड महिन्यापूर्वी सामानाची जी पेटी गेली, तिच्यात, दोन गोधड्यांत गुंडाळून. मी विचारलं, का? मांडवात चार माणसं ऐकत होती, पण मी विचारलं. तो म्हणाला, "आई, गणपती थोरल्या मुलाबरोबर जातो ना? तूच सांगायचीस. मला वाटलं तू बघितलंस आणि चालेल म्हणालीस."

मी म्हणाले काहीच नव्हते. तेच तर.

भांडायला वेळ नव्हता. जीपचा हॉर्न वाजत होता. तुमची आई रडत होती, तुम्ही दोघं एका लाल गणपतीच्या उंदराला हात लावून बघत होता आणि मंदाताई तुम्हाला रागावत होत्या, रंग ओला हाय. तुम्हाला जवळ घेतलं ते नीट आठवत नाही, घेतलं एवढं नक्की. बाबा पायाला हात लावायला वाकला तेव्हा मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, पासपोर्ट वरच्या खिशात ठेव. जीप गेली.

मग मंदाताईंना विचारलं, दुसरी मूर्ती? शाडूची, आमच्या मापाची एकही शिल्लक नव्हती. घरातल्या मापाच्या सगळ्यांचं गिऱ्हाईक ठरलेलं होतं. मोठ्या प्लास्टरच्या होत्या, त्या मंडळांच्या. त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि त्या कामाला लागल्या, कारण त्यांना माझ्यापाशी बसून चालण्यासारखं नव्हतं. मी बसले. जीप परत यायला संध्याकाळ होणार होती. चारी बाजूंनी गणपती माझ्याकडे बघत होते, आणि त्यांतला एकही माझा नव्हता.

इथे मला जे वाटलं ते जसंच्या तसं लिहिते. मला भक्तिभाव वगैरे काही वाटला नाही. मी अतिशय वैतागले होते. मुलगा गेला, सून गेली, नातवंडं गेली, आणि ज्याच्यासाठी मी मागे राहिले तोही गोधडीत गुंडाळून पुढे गेलेला. मी मनात म्हटलं, इतकी वर्षं तुझं सगळं मी वेळेवर केलं. दूर्वा वेळेवर, नैवेद्य वेळेवर, आरती वेळेवर. आता माझ्याच्याने होत नाही. यायचं तर ये, नाही तर नको येऊस. तुझं तू बघ. आणि खरंच हात सोडून दिले. रोह्यात कोणाकडे मूर्ती मिळेल, कोणाला फोन करावा, असा एरवी माझ्या डोक्यात जो हिशेब चालू असतो तो थांबला. लोक शरण जातात तेव्हा हात जोडतात म्हणे. मी पदराने घाम पुसत, थंड झालेला चहा पीत, चिडून शरण गेले. पण गेले.

दुपार कलली तेव्हा एक माणूस आला आणि मांडवाच्या बाहेरच उभा राहिला. तुमच्या बाबाच्याच वयाचा असेल. खाडीकडच्या गावचा, मिठागरावर काम करणाऱ्यांची पावलं जशी भेगाळलेली असतात तशी त्याची होती. मंदाताईंनी आत बोलावलं तर जागचा हलला नाही.

"आत येत नाय. सुतक हाय. आई गेली काल."

मंदाताई उठून त्याच्याकडे गेल्या. त्याने सांगितलं, आमचा गणपती यंदा न्यायचा नाही, भावकीतही कोणाला चालत नाही, सगळेच सुतकात. मूर्ती कोणाला लागत असेल तर देऊन टाका. मंदाताईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी काही म्हणायच्या आधी मी उठले होते.

मी त्याला विचारलं, तुमच्या पाटावरची मूर्ती मी नेली तर तुम्हाला चालेल का? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग आत त्याच्या गणपतीकडे पाहिलं. साधी मूर्ती होती, पिवळं पीतांबर, सागाचा पाट.

"न्या ना, आजी. आजारपणात आईला लय काळजी होती, आता याला कोण नेल. इसर्जन झाला का पाट हितंच आणून ठेवा." मग म्हणाला, "मोदक करता ना तुमी? तिच्या हातचं लय मऊ व्हायचं."

मी म्हटलं, करते. मुलाला निरोप देऊन मी बसलेली, आणि हा आईला पोचवून आलेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. तो गेल्यावर लक्षात आलं.

हा चमत्कार होता का, असं तुम्ही मला विचाराल. ईशान तर नक्कीच विचारेल. मला माहीत नाही. खाडीच्या त्या घरात एक म्हातारी गेली म्हणून माझ्या घरी गणपती आला, ही गोष्ट मला आजही सरळ गोड लागत नाही. मी नंतर त्यावरूनही देवाशी भांडले. द्यायचंच होतं तर कोणाचं तरी काढून कशाला दिलंस? एवढंच कळलं, की माझ्या आखणीतलं त्या दिवशी काहीही घडलं नाही आणि तरी संध्याकाळी जीपमध्ये माझ्या मांडीवर गणपती होता. दिलीप परत आला, मूर्ती बघितली, आणि म्हणाला, "बाई, सकाळी नव्हता ना वो?" मी म्हटलं, नव्हता, गाडी सांभाळून चालव. वडखळला पुन्हा रांग होती. या वेळी मला तिचा राग आला नाही. मी मूर्तीला मावळतीचं ऊन लागू नये म्हणून पदर धरून बसले होते.

चतुर्थीला गुरुजी आले आणि पूजेला पुरुष कोण बसणार म्हणाले. मी म्हटलं, पुरुष आत्ता कॅनडात झोपला आहे, तुम्ही मंत्र म्हणा. त्यांनी पोथी उघडली आणि ते म्हणायला लागले. मोदक मी नेहमीपेक्षा मऊ केले. ज्यांच्या हातचे ते असायचे त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण पहिला मोदक त्यांचं स्मरण करून ठेवला. दीड दिवसाने शेजारच्यांनी मूर्ती उचलली, कुंडलिकेवर विसर्जन झालं, आणि पाट धुऊन, पुसून, मी बसने पेणला नेऊन ठेवला. त्यावर वाळू ठेवली नाही, ती त्यांची त्यांनी त्यांच्या पाण्यातून घ्यायची. पुढच्या आषाढात मी नवा पाट करून घेतला. तो माणूस मला पुन्हा दिसला नाही. मंदाताई सांगायच्या, वर्षभराने त्याच्या घरचा गणपती पुन्हा बसला.

तुमच्या बाबावरचा माझा राग बरेच महिने टिकला. जहाजाची पेटी तुमच्याकडे पोचली, त्याने पाट भिंतीशी मांडून फोटो पाठवला, तेव्हाही मी तीन शब्दांतच उत्तर दिलं. नंतर राग गेला, का गेला ते सांगता येत नाही. मी इतकी वर्षं समजत होते की गणपती मी धरून ठेवला आहे. तो मी धरलेला नव्हता. तुमच्या बाबाने पळवलेलाही नव्हता. हे एकदा पटल्यावर रागवायला कोणी उरलं नाही. वैताग मात्र राहिला, तो स्वभाव आहे.

आता काय आहे ते सांगते. मंदाताई गेल्या, कारखाना त्यांची मुलगी चालवते. माझे गुडघे आणखी बिघडले आहेत. यंदाचा पाट मी आषाढात रिक्षाने पेणला पाठवला. पूजेला मीच बसते, गुरुजी आता विचारत नाहीत. अष्टमीच्या घरी गणपती दीड दिवस येतो.