वेठ संपल्याचा कार्यक्रम

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. गाव जयसिंगपूरजवळ, घर पाटलाचं. गेल्या वर्षी गावातल्या तरुणांनी ठरवलं, वेठ बंद झाल्याची आठवण म्हणून एक कार्यक्रम करायचा. वेठ म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीनं, पाटलाच्या घरून सांगावा आला की फुकट राबायला जायचं. लाकडं फोडायची, ओझी वाहायची, लग्नात, मिरवणुकीत हलगी वाजवायची. संस्थानाच्या काळातच कायद्यानं ती बंद झाली होती, पण गावात पुढं कैक वर्षं चालली. खरी थांबली ती वस्तीनं एका रात्रीच्या बैठकीत हलग्या खाली ठेवल्या तेव्हा. त्यानंतर तिथं कुणी हलगी हातात घेतली नाही.

हे सगळं मला माहीत होतं. माझ्या मित्रानंच सांगितलं होतं. तो त्याच वस्तीतला, पहिलीपासून माझ्या बाकावरचा, आता शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. त्याच्या वडिलांना मी लहानपणापासून आबा म्हणतो. त्या बैठकीच्या वेळी आबा विशीत होते, आणि पंचक्रोशीत हलगीवर त्यांच्यासारखा हात नव्हता, असं जुनी माणसं सांगत.

कार्यक्रमासाठी मी गावातल्या शाळेच्या भिंतीवर मोठं चित्र काढलं. जमिनीवर ठेवलेल्या हलग्या आणि त्यांच्याकडं पाठ करून चाललेली माणसं. चित्र जमलं. जमल्याच्या त्या भरात मला वाटलं, याच भिंतीसमोर आबांनी एकदा हलगी वाजवली तर! आता कुणाची सक्ती नाही. मानानं बोलवायचं, शाल घालायची.

मित्राला मी विचारलं नाही. तो नको म्हणाला असता. त्याची पहिली पाळी आहे हे बघून एका सकाळी नारळ घेऊन त्यांच्या दारात गेलो. आबा खुर्चीत चहा पीत होते. मला बघून उठले. "बसा, आबा, बसा," म्हटलं तरी बसले नाहीत. मला ते अगत्य वाटलं.

"कार्यक्रमात हलगी वाजवाल का, आबा? तुमची इच्छा असली तर."

"कवा यायचं?" एवढंच ते म्हणाले.

घरी त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, हे मला नंतर कळलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पोवाडा झाला, भाषणं झाली. हलगी मी शेजारच्या गावातून आणवली होती. शाळेच्या मागं उसाचं पाचट पेटवून आबांनी तिचं कातडं तापवून घेतलं. मी त्यांचं नाव पुकारलं. ते मंचावर आले नाहीत. खालीच, खुर्च्यांच्या कडेला उभे राहिले आणि मान खाली घालून वाजवायला लागले.

हात अजून तोच होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "आज्जा, जोरात की! भाकरी खाऊन आला न्हाईस व्हय?"

लोक हसले. आबांनी खरंच जोर वाढवला.

पहिल्या रांगेत बसलेले माझे चुलते माझ्याकडं वळून खुशीत म्हणाले, "आमच्या थोरल्या भावाच्या लग्नात असंच वाजीवलं हुतं बघ गड्यानं. सांगावा गेला की हजर!"

तेव्हा मला कळलं मी काय केलंय. पुढं होऊन आबांच्या हातातली हलगी काढून घ्यायला हवी होती. मी टाळ्या वाजवत राहिलो, कारण सगळे वाजवत होते.

मित्र त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीला होता. फौंड्रीच्या कँटीनमध्ये कुणीतरी त्याला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन थांबला होता.

"आमच्या बाला विचारलं हुतंस?"

"विचारलं की. लगेच हो म्हणाले. मी म्हटलं होतं, इच्छा असली तरच."

"तुमच्या घराला त्यो कवा न्हाय म्हणलाय रं? एकदा न्हाय म्हणायला आख्खी वस्ती बसवावी लागली हुती. तू त्याला एकटा गाठलास."

"मानानं बोलावलं रे मी."

"मग मी घरात असताना का न्हाय आलास? माझी पाळी बघून गेलास, लेका."

त्यानं गाडीला किक मारली. त्यानंतर त्यानं माझा फोन घेतलेला नाही.

महिन्याभरानं मी आबांची माफी मागायला गेलो. मित्र दारातच होता. मला बघून आत गेला. आबा बाहेर आले.

"आबा, माझं चुकलं," मी म्हटलं.

ते गडबडले. "तुमचं कशाचं, धाकलं पाटील? माझाच हात मधी एकदा चुकला. लई वर्सांनी वाजीवली न्हवं. फुडल्या बारीला नीट वाजीवतो."

मी म्हटलं, आबा, पुढची बारी नाही. आता कुणीही बोलावलं तरी जायचं नाही, मी बोलावलं तरी नाही. त्यांनी मान हलवली. त्यांना समजलं नसेल म्हणून मी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

"बरं जी," ते म्हणाले. "तुम्ही म्हणशीला तसं."