फ्लॉप्यांची खंडेनवमी

तातेराव शेठनं कॉम्प्युटर घेतला तो गरज होती म्हणून नव्हे, समोरच्या दुसऱ्या बियाणेवाल्यानं घेतला म्हणून. जालन्याच्या एमआयडीसीत ही गोष्ट चहाच्या टपरीपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. फक्त तातेरावांना वाटायचं, कुणालाच ठाऊक नाही. साल होतं ब्याण्णव. यंत्रासाठी काचेची खोली झाली, खोलीला थंड हवेचं मशीन लागलं. गोदामातल्या माणसांना पंखासुद्धा नव्हता, पण ती बोलूनचालून माणसंच. चपला दाराशी काढायच्या. पाहुणा आला की शेठ त्याला काचेबाहेर उभं करून दर्शन घडवायचे. "लांबून बघा. हात नका लावू."

त्या गाभाऱ्यात पहिला पुजारी बसला तो शेठचा भाचा, वसंता. यानं फायलींना नावं ठेवली ए, एए, एएए. बारसं करायचा कंटाळा असलेल्या बापानं सगळ्याच पोरांना बाळ्या म्हणावं, तसं. एक फाईल दुसरीच्या नावावर कॉपी केली की जुनी गिळली जाते आणि यंत्र 'गिळू का?' असं विचारतही नाही, हे वसंताला कळलं तेव्हा तीन वाणांची माहिती पोटात गेलेली होती.

मग बेबीनंदा आली. तिची आई मालनबाई याच कंपनीत बी निवडायला होती, रोजंदारीवर. मुलगी बारावी झालेली, औरंगाबादला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. शेठनं तिला वसंताचा पसारा आवरायला बसवलं आणि वसंताला स्टोअरला पाठवलं. "दिवाळीनंतर पर्मनंट करतो," शेठ म्हणाले. मायलेकींनी ते वाक्य घरी नेलं आणि रोज काढून बघितलं. पर्मनंट झाली की मालनबाईचं बी निवडणं सुटणार होतं. तिची बोटं आता वाकडी व्हायला लागली होती.

काळ्या पडद्यावर बेबीनंदा हुकूम टाइप करायची. एमडी म्हटलं की नवी खोली बांधली जायची, सीडी म्हटलं की त्या खोलीत शिरता यायचं, डीआयआर म्हटलं की खोलीत काय काय आहे त्याची यादी सरसर उतरायची. तिनं चार तालुक्यांच्या चार खोल्या बांधल्या, अंबड, परतूर, भोकरदन, जाफराबाद, आणि त्यांच्यात गावांचे कप्पे. यंत्र नावाला आठच इंग्रजी अक्षरं घ्यायचं, त्यामुळे भोकरदनचं शेपूट कापावं लागलं. "आमच्याच तालुक्यावर डोळा का बाई?" असं वॉचमन भिवानं विचारलं, कारण तो भोकरदनचा. आठवड्याअखेरी ती एकेक खोली एकेका फ्लॉपीवर उतरवून ठेवायची. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी मऊ, चौकोनी चीज. तिच्या पोटाला एक लांबट उघडी खिडकी असायची आणि यंत्र त्या खिडकीतून वाचायचं.

यात शेठची एक हुशारी होती. गोदामातल्या गोण्यांवर नुसता नंबर. कुठला नंबर कुणाच्या शेतातला, कुठल्या वाणाचा, ते फक्त कॉम्प्युटरात. समोरचा बियाणेवाला आपली माणसं फोडतो म्हणे. ही हुशारी शेठ स्वतःच चार लोकांना सांगायचे.

खंडेनवमी आली. यंत्रांची, काट्यांची, ट्रकची पूजा झाली आणि वसंता तबक घेऊन काचेच्या खोलीत शिरला. मागं शेठ, दाराशी बी निवडणाऱ्या बाया. वसंतानं ओलं कुंकू मॉनिटरला लावलं, कीबोर्डला लावलं, आणि बोट फ्लॉप्यांच्या डब्याकडे वळवलं.

"शेठ," बेबीनंदा म्हणाली, "मशीनला लावा, फ्लॉप्यांना नको. खिडकीत कण गेला तर मशीनला वाचता येत न्हाई."

"मामा," वसंता तबक तसंच धरून म्हणाला, "यांच्यात कुंकू चालत न्हाई. म्हणून मशीनचं नाव सांगून राह्यली."

धर्मांतराला पस्तीस-छत्तीस वर्षं होऊन गेली होती, पण तबकातलं कुंकू अजून हिशेब विचारत होतं.

"तसं हाय का गं?" शेठनं विचारलं.

"न्हाई शेठ. देवाचं काहीच न्हाई. धुळीचं हाय."

"कुंकू म्हणजे धूळ?"

शेठ ऊदबत्ती लावायला वळले, तेवढ्यात तिनं डब्यातली एक फ्लॉपी उचलली, ड्राइव्हमध्ये सरकवली आणि खिट्टी फिरवली. ड्राइव्ह एकच होता. फ्लॉप्या चार आणि लपायला दार एक. गेली ती परतूर.

"तूच लाव," शेठ वसंताकडचं तबक तिच्यापुढं धरून म्हणाले. "म्हणजे कुणाच्या मनात काही राह्यचं न्हाई."

तिनं दाराकडे पाहिलं. मालनबाई पदर तोंडाला लावून उभी होती. ती पुढं आली आणि लेकीच्या कानाशी म्हणाली, "लाव बाई. आपण देव सोडले, पोट न्हाई सोडलं."

बेबीनंदानं तिन्ही फ्लॉप्यांना कुंकू लावलं. वसंतानं वरून अक्षता आणि पाणी शिंपडलेली झेंडूची फुलं टाकली. पेढे वाटले गेले.

दुसऱ्या दिवसापासून तिनं मऊ फडक्यानं त्या खिडक्या पुसून पाहिल्या. कुंकू वाळून बसलं होतं. नव्या फ्लॉप्या मागायला ती स्टोअरला गेली. "दिवाळीनंतर," वसंता म्हणाला. शेठकडे जायचं तर तेच बोलणं पुन्हा काढावं लागणार होतं. पर्मनंटचा कागद तोंडावर आला होता. ती शेठकडे न जाता परत काचेच्या खोलीत गेली.

दिवाळी सरली आणि एका दुपारी लाईट ये-जा करत राहिली. तिसऱ्यांदा आली तेव्हा यंत्रातून जात्यात खडा सापडल्यासारखा आवाज आला. मग पडदा नुसताच काळा. हार्ड डिस्क गेली होती.

औरंगाबादहून मेकॅनिकनं नवी डिस्क आणून बसवली. शेठ खोलीत आले ते चपलांसकट. बेबीनंदानं अंबडची फ्लॉपी घातली. ड्राइव्ह खरखरला. वाचता येत नाही, सोडून द्यायचं की पुन्हा बघायचं, असं यंत्रानं इंग्रजीत विचारलं.

"पुन्हा बघ," शेठ म्हणाले.

तिनं पुन्हा बघितलं. यंत्रानं तेच विचारलं. भोकरदन, तेच. जाफराबाद, तेच. शेठ प्रत्येक वेळी "पुन्हा" म्हणायचे आणि त्यांचा आवाज दरवेळी थोडा बारीक व्हायचा.

चौथी परतूर. हिच्या फायलींची नावं एकाखाली एक भराभरा उतरली. गाव, शेत, वाण, सगळं शाबूत. शेठच्या जिवात जीव आला. "शाब्बास पोरी!"

वसंतानं फ्लॉपी बाहेर काढून उजेडात धरली. "मामा, हिला कुंकू न्हाई." आणि मामाकडे वळून, "परतूर हिचं आजोळ हाय."

"परतूरचे प्लॉट सगळ्यात जास्त होते शेठ," ती म्हणाली. "एकच ठेवता येत होती, म्हणून..."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"मी सांगितलं होतं."

"सांगितलंस," तातेराव म्हणाले, "आणि मंग लावलंस. तुझ्याच हातानं."

त्याच संध्याकाळी मायलेकी गेटाबाहेर पडल्या. मालनबाईनं विचारलं होतं, माझं काय चुकलं? त्यावर तिला सांगण्यात आलं की घर एकच आहे ना. तीन तालुक्यांच्या गोण्या जनावरांच्या खाद्यात गेल्या. काही अंदाजानं पिशव्यांत भरल्या, असंही लोक बोलतात. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? फुटकं बियाणं एमआयडीसीत जेवढं विकलं जातं तेवढीच बातमीही विकली जाते. बेबीनंदानं तीन ठिकाणी काम मागितलं. तिन्हीकडे ती पोचायच्या आधी गोष्ट पोचलेली होती, 'तीच का ती, माहिती बुडवणारी?'

पुढच्या वर्षीची खंडेनवमी. जुन्या जालन्यात एका आडत्याच्या ओसरीवर मायलेकी मिरचीची देठं खुडत बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, त्यामुळे कोण रडतंय ते कळायची सोय नाही. भिवा सायकलवरून चालला होता, तो थांबला.

"आत्ताच पूजा करून आलो," तो म्हणाला. "वसंता बसतोय आता त्या खुर्चीवर. डबा बंद ठेवला बरं का. कुंकू वरनं, झाकणाला. फ्लॉपीला कुणाला हात लावू देत न्हाई. म्हणतो, खिडकीत कण गेला तर मशीनला वाचता येत न्हाई."

भिवा गेला.

"बेबे, तू हेच सांगत होतीस का गं तवा?"

"हेच."

"मंग जोरात का न्हाई सांगितलंस?"

बेबीनंदाचा हात थांबला. तिनं आईकडे पाहिलं, तिच्या वाकड्या बोटांकडे पाहिलं, आणि पुढची मिरची उचलली.