मामा तपासणीत पास होतो

माझा मामा शाळेत कवायतीचा मास्तर होता. पस्तीस वर्षं त्याने पोरांना ताठ उभं राहायला शिकवलं आणि त्या नादात लग्न करायचं विसरला. पोरं त्याला 'सळई' म्हणायची. त्याला ते ठाऊक होतं, आवडायचंही. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं. आता तो ब्याऐंशीचा आहे आणि माझ्याकडे असतो. म्हणजे मीच त्याच्याकडे असते, घर त्याचं आहे.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. गेल्या महिन्यात अकरा वेळा उशीर झाला. मालक वाईट नाही, पण त्याने सांगून टाकलं, "एक तारखेपासून नऊच्या ठोक्याला येणार असशील तर ये, नाहीतर येऊच नकोस." मामाला सांभाळायला मावशी ठेवावी म्हटलं, तर तिचा पगार माझ्याहून जास्त. म्हणजे मी नोकरी सोडून माझ्याच घरी मावशी व्हावं, हे बरं! शेवटी मदत कार्यालयात अर्ज केला. माणसाचं खरोखर दुसऱ्यावाचून अडत असेल तर मावशीचा पगार ते देतात. त्यासाठी एक मॅडम घरी येऊन तपासणी करतात.

"मामा, जे आहे ते सांग. फुशारकी नको," मी आदल्या दिवशीच बजावलं.

"मी कधी फुशारकी मारली?" मामा म्हणाला.

मॅडम दहाला आल्या. 'तपासणी' हा शब्द कानावर पडला आणि या माणसाच्या अंगात काय संचारलं देव जाणे. एरवी खुर्चीतून उठायला त्याला माझे दोन्ही खांदे लागतात. मॅडमनी "उठता येतं का?" विचारायचा अवकाश, गडी टाचा जुळवून उभा. हात वर करा म्हटलं तर वर केले आणि कोणी न सांगता बाजूलाही केले. चालून दाखवा म्हटलं तर भिंतीपर्यंत गेला, मागे फिरला आणि मॅडमनाच म्हणाला, "तुम्ही खांदे पाडून बसता. पाठ धरेल."

"जेवण?"

"स्वतः."

"कपडे?"

"स्वतः."

"आंघोळ, संडास?"

"स्वतः!"

मी मागून डोळे वटारत होते. उपयोग काय, कवायत मास्तर समोर बघतो. पडलो तरी नाक वर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"या वयात कमाल आहे हो आजोबांची," मॅडम म्हणाल्या आणि फॉर्म माझ्यापुढे सरकवला. 'मदतीची गरज नाही', आणि खाली माझ्या सहीची जागा. "काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा. नंतर वर्षभर अर्ज करता येत नाही."

सांगायचं काय ते मला पाठ होतं. चादरी, पायजमे, सकाळचं ते सगळं. पण तो समोरच उभा होता, घामाने डबडबलेला, हनुवटी वर. त्याच्या तोंडावर कसं सांगणार? मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. नोकरी गेली तर गेली. मी पेन घेतलं.

"थांब," मामा म्हणाला. त्याचे गुडघे लटपटायला लागले होते. मी धावत जाऊन त्याला खुर्चीत बसवलं. मग तो भिंतीकडे बघत, शाळेतल्या आवाजात म्हणाला, "लिहून घ्या, मॅडम. उठताना ही धरते. कपडे ही घालते. आंघोळही हीच घालते. कपडे खराब होतात, तेव्हा मला धुऊन पुसून हीच काढते. मघाचं सगळं खोटं."

मॅडमनी फॉर्मवर रेघ मारली आणि दुसरा काढला. "खराब रोज किती वेळा होतात? दोनदा किंवा त्याहून जास्त असेल तर मावशी मंजूर होते."

मामाने हनुवटी खाली घेतली. मग म्हणाला, "हिला विचारा. मी तेव्हा डोळे मिटून घेतो."

"दोनदा," मी म्हणाले. चारदा होतं, पण तो ऐकत होता.