मस्ट मॅडम आणि ऑफिसातली किल्ली

ज्याच्या सहीवर तुमचं पोट चालतं, त्याच्याविरुद्ध तुम्ही रोज चारचौघांत बोलू शकाल का? मस्ट मॅडम बोलायच्या. फळ्यावर, खडूने, इंग्रजीत.

लोणी काळभोरच्या आमच्या कॉलेजात त्या तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत. म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये बोलावणं येईलच असं नाही. अशी कैक वर्षं गेली होती. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती. मोकळा तास ग्रंथालयात काढायच्या, पिशवी मांडीवर घेऊन, कुणीही येऊन उठवेल अशा बेताने.

पॅसिव्ह व्हॉइस शिकवताना गाइडातली वाक्यं त्यांना चालत नसत. "रामाने आंबा खाल्ला, बरं झालं. पुढे?" म्हणायच्या आणि कॉलेजातलीच वाक्यं लिहायच्या. 'द फॅन शुड बी रिपेअर्ड.' 'द लॉक मस्ट बी ओपन्ड.' हे कुलूप मुलींच्या नव्या शौचालयाचं. तपासणीला समिती आली की ते उघडायचं. एरवी किल्ली ऑफिसात, खिळ्याला. आम्ही मुली सकाळपासून पाणीच पीत नव्हतो. मॅडमचा 'मस्ट' फळ्यावरून पुसला जायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचा. नाव त्यावरूनच पडलं.

"पर मॅडम, कुलूप लावलंय कुणी, त्ये बी लिवा की," सारिका मागच्या बाकावरून म्हणाली.

"पॅसिव्हमध्ये करणाऱ्याचं नाव लिहायची सक्ती नसते. म्हणून तर मी अजून इथे आहे."

मला हे पटत नसे. भीमजयंतीची पत्रकं आमचे वडील स्वतः लिहायचे, आणि अन्याय करणाऱ्याचं नाव पहिल्या ओळीत असायचं. एकदा बसस्टॉपवर मी म्हटलं, "मॅडम, सरळ नाव घ्या ना."

"तुझे वडील पत्रक वाटून घरी येतात गं. मला उद्या परत इथेच यायचंय."

माझा राग मात्र गेला नाही.

मार्चच्या उन्हात सारिका तासाला चक्कर येऊन पडली. लघवीच्या जळजळीने तिला आधीपासूनच ताप होता. तिला रिक्षात बसवून मॅडम वर्गात आल्या. खडू उचलला, ठेवला. मग सरळ ऑफिसात गेल्या, खिळ्यावरची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

प्राचार्य धावत आले. "मॅडम, कुणाच्या परवानगीने?"

"कुणाच्याच नाही, सर. मी उघडलं."

"आपण तासिकेवर आहात, लक्षात आहे ना?"

"रोज असतं, सर."

मागे आम्ही सगळ्या उभ्या होतो. कुलूप पुन्हा लावायची प्राचार्यांची हिंमत झाली नाही. जूनमध्ये मॅडमना फक्त फोन गेला: यंदा वर्कलोड नाही, म्हणजे तुमच्यासाठी तास नाहीत.

परवा त्या पुण्यात, खराडीला भेटल्या. एका कंपनीत नव्या पोरांना ग्राहकांना नकाराचे ईमेल लिहायला शिकवतात. 'युअर रिक्वेस्ट कॅनॉट बी प्रोसेस्ड.' हेही कंत्राटच.

"इथे शौचालय उघडं असतं," गळ्यातलं कार्ड फिरवत त्या म्हणाल्या. "शिकवण्यासारखं मात्र काही नाही."

हे वाचून हळहळू नका. तुमची मुलगी ज्या कॉलेजात जाते, तिथे या आठवड्यात जा. तासिकेवर कोण शिकवतं ते विचारा. जूनमध्ये त्यांना परत बोलावणार का, ते विचारा. उडवाउडवीची उत्तरं मिळाली तर गप्प बसू नका. आणखी चार पालकांना घेऊन पुन्हा जा.